सात मिनिटांचा वर्ग

पालिकेने बाजारावरची खोली गोदामासाठी काढून घेतली
तेव्हा फळा कुठं न्यायचा, एवढाच प्रश्न उरला.
मी म्हटलं, फेरीबोटीत आणा.
तिथं माझं राज्य आहे, दोरखंडापुरतं.

पणजी ते बेती सात मिनिटं, ओहोटीला आठ.
पायी येणाऱ्याला तिकीट नाही.
चार स्कूटर, रिकामी टोपली घेऊन परतणारा पोदेर,
आणि इंजिनाशेजारच्या बाकावर आम्ही.
एका खेपेला एक उदाहरण.
धक्का लागला की वही मिटायची,
मी उठून दोर टाकायचा,
परत येऊन विचारायचं, हातचा किती होता?

मी म्हाळू चोडणकर, सत्तेचाळीस पूर्ण.
माझ्यामागून नोकरीला लागलेली पोरं इंजिन चालवतात,
त्यांच्याकडे कागद आहे, माझ्याकडे कान.
इंजिन खोकलं की कुठं दुखतंय ते मला कळतं;
पण परीक्षेत खोकला विचारत नाहीत,
दाब विचारतात,
दशांश चिन्हासकट.

आमची बाई तेवीस वर्षांची.
अनसूया राठोड, चिंबलची.
आई किनाऱ्यावर मण्यांच्या माळा विकायची
आणि सुट्या पैशांचा हिशेब पोरगी,
सहाव्या वर्षापासून, रेतीवर बोटानं.
लाट यायच्या आत उत्तर काढायची सवय आहे तिला.
मला म्हणते, "काका, तुमचं शून्य कुठं गेलं?"
मी नदीकडे बघतो,
जणू तिथंच पडलं असेल.

पिएदाद तीस वर्षं कुवेतात
दुसऱ्यांची मुलं वाढवून आली.
अरबीत हिशेब करते, पोर्तुगीजमध्ये रागावते,
बँकेत मात्र अंगठा.
"म्हज्या पयशांचेर सय म्हजीच जाय," म्हणते
आणि पेन असं धरते, जणू कोयती.
तिची सही अजून उतारावरची सायकल आहे.
सुरू होते झोकात,
थांबायचं कुठं ते ठरत नाही.

आणि गोमली.
समोर नांगरलेल्या कॅसिनोच्या जहाजात, अगदी खाली,
ती ताटं घासते.
वरचे दिवे आमच्या वहीवर पडतात,
लाल, निळे, मग पुन्हा लाल,
तेवढे फुकट.
पाचव्या महिन्यात तिनं पोलक्यातून पगाराची चिठ्ठी काढली,
इंग्रजी अक्षराला अक्षर लावत वाचलं:
मील. डि-ड-क्शन.
अनसूयाला अर्थ माहीत होता.
तिनं सांगितला नाही,
शब्दकोश पुढं सरकवला.
गोमलीचं बोट पानावरून खूप वेळ चाललं,
मग थांबलं.
"पण मी तर घरचा डबा नेते,"
ती म्हणाली.
बेती आलं होतं. दोर मी टाकला.
कुणी उतरलं नाही.

त्या रात्री ती चार वेळा नदी ओलांडून गेली,
मागच्या सगळ्या चिठ्ठ्या मांडीवर पसरून.
सोमवारी ऑफिसात एकटी नव्हती.
मोरीतल्या अकराजणी होत्या,
प्रत्येकीच्या चिठ्ठीवर तोच शब्द
पेन्सिलीनं गोल केलेला.
पाच महिन्यांपैकी दोन महिन्यांचे पैसे परत आले.
उरलेल्या तिनांचं काय,
ते उदाहरण अजून फळ्यावर आहे.
तिघी नव्या आल्या वर्गात. बाक कमी पडतो.

मी चार गुणांनी गेलो.
पुढची परीक्षा मार्चमध्ये.
घरी बायको काही बोलली नाही,
चहात साखर तेवढी जास्त होती.

परवा ऐन नदीत इंजिन मंदावलं.
मी कान टवकारले.
कुठं दुखत नव्हतं.
वर केबिनमध्ये जोविटो होता,
माझ्याहून बावीस वर्षांनी लहान, कागदवाला.
खाली एकदा बघून त्यानं मान फिरवली
आणि बोट तशीच हळू ठेवली.
आमचं उदाहरण अर्ध्यावर होतं.